पाच मिनिटं तोंड बंद

पहाटे सव्वापाचला करंजाडेच्या एका चहाच्या टपरीसमोर सहा धडधाकट पुरुष बाकावर ओळीनं बसलेत, कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नाही, आणि साठी उलटलेली एक बाई एकेकाचं मनगट धरत पुढं सरकतेय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, यांच्यातलं कुणीतरी गेलेलं दिसतंय. एकदा दुधाचा टेम्पोवाला खरंच थांबला, डोक्यावरची कानटोपी काढली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कधी झालं?" आमच्यातला बिल्डर फिस्सकन हसला. सिस्टरांनी मान वर न करता त्याला सांगितलं, "तुजी परत मोजाया लागंल. बस पाच मिनटा पयल्यापासून."

त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. ड्युटीवर सायकलनं जायच्या आणि निवृत्त झाल्यावर ड्युटी सुटली तरी सायकल सुटली नाही. आम्ही सगळे मागाहून आलेले. कुणाची साखर वाढली म्हणून, कुणाचं पोट सुटलं म्हणून, बिल्डरची सायकल त्याच्या मेव्हण्याच्या सायकलपेक्षा महाग असायला हवी होती म्हणून. मी कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसतो, त्यामुळं माझ्याकडे ही सगळीच कारणं थोडी थोडी होती, मेव्हण्याचं धरून.

दर डिसेंबरात मोबाइलवरच्या अॅपवर एक चॅलेंज यायचं. चोवीस ते एकतीस, आठ दिवसांत पाचशे किलोमीटर. परदेशातल्या लोकांना नाताळची सुट्टी असते, त्यांच्यासाठी ते काढलेलं असणार. आमच्याकडे सुट्टी एकाच दिवसाची. पण वर्षाखेरीस वाया जाणाऱ्या रजा सगळ्यांच्याच खात्यावर शिल्लक असायच्या आणि बायकामुलांना महाबळेश्वर दाखवायचं सोडून आम्ही त्या पाचशेवर उधळायचो. माझी बायको दर वर्षी एकच वाक्य म्हणायची, "जा, पण मेलास तर मला फोन करू नकोस."

पाचशेला आठनं भागलं की रोजचे साडेबासष्ट येतात. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी तो भागाकार केला आणि तिसऱ्या दिवशी निम्मे लोक कण्हायला लागले. सिस्टरांनी तो भागाकार पुसून टाकला. त्यांचं माहेर उरणकडच्या मिठागरवाल्यांचं. वडील मीठ भरायच्या दिवसांत माणसं घेऊन कामाला उभे राहायचे. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली चिखल. त्यांचा नियम होता की दोन दिवस भरून पाटी उचलायची आणि तिसऱ्या दिवशी अर्धीच. पाटी अर्धी असली तरी मजुरी पूर्ण. लोक त्यांना वेडा म्हणायचे. पण आठव्या दिवशी बाकीच्या मिठागरांवर माणसं आडवी झालेली असायची आणि यांच्याकडे सगळी उभी.

"पाटीचा वजन पयल्या दिवशी डोक्यावर अस्तो," सिस्टर सांगायच्या. "तिसऱ्या दिवशी त्यो पायात उतरतो. पाचव्या दिवशी त्यो डोक्यात जातो. मंग मानूस भांडतो."

हे अक्षरशः खरं आहे. पाचव्या दिवशी मी टूथपेस्टच्या झाकणावरून घरात भांडलो आहे.

तर सिस्टरांचा हिशेब असा: बहात्तर, बहात्तर आणि मग छत्तीस. परत बहात्तर, बहात्तर, छत्तीस. मग शेवटचे दोन दिवस भरून पाटी. बेरीज पाचशे चार. भरल्या पाटीला टपरीपासून जासई, उरण करत, मधल्या गावातून वळसे घेत करंजा बंदरापर्यंत छत्तीस आणि तेवढेच परत. अर्ध्या पाटीला जासईच्या जरा पुढं जाऊन माघारी यायचं. बिल्डरला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं, ते झोप मोजायचं, श्वास मोजायचा आणि "ट्रेनिंग लोड" नावाची काहीतरी लाल-हिरवी पट्टी दाखवायचं. अर्ध्या पाटीच्या दिवशी त्यानं ती सिस्टरांच्या नाकासमोर धरली.

"सिस्टर, हे बघा, लोड प्रॉडक्टिव्ह दाखवतंय. बॉडी रेडी आहे."

सिस्टरांनी चष्मा वर करून पट्टी नीट पाहिली. मग त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, गुडघ्याखाली नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का ते पाहिलं. "तुजा घड्याल चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन त्यो नुस्ता तुजा मनगट बगतो. मी तुजा तोंड पन बगते. छत्तीसच जायाचा."

बिल्डरनं पनवेलमध्ये चार टॉवर उभे केलेत, महापालिकेत त्याला उठून खुर्ची देतात. तो छत्तीसच गेला.

आता ती मनगटं धरायची पद्धत. टपरीवर आल्या आल्या चहा नाही. बाकावर बसायचं, पाच मिनिटं तोंड बंद. मग सिस्टर यायच्या. अंगात दवाखान्यातला मरून स्वेटर, त्याच्या डाव्या बाजूला पिनेनं उलटं लटकवलेलं घड्याळ. पंधरा सेकंद नाडी मोजून चारनं गुणायचा कामचुकारपणा त्यांनी आयुष्यात केला नाही. पूर्ण एक मिनिट. आकडा एका लांबट वहीत जायचा. चॅलेंजच्या आधीचा आठवडाभर रोज मोजून त्या प्रत्येकाचा "आपला आकडा" ठरवायच्या. चॅलेंजच्या दिवसांत आपल्या आकड्यापेक्षा दहानं जास्त आली की लाल पेन्सिलीनं आकड्याभोवती गोल. गोल म्हणजे घरी. ज्याला गोल त्याला पहिला चहा, तो प्यायचा आणि उलट्या पावली जाऊन झोपायचं. वाद नाही. कुणी कारण सांगायला लागलं, काल लग्नाला गेलो होतो, मुलगा रडत होता, तर त्या हातानं थांबवायच्या. "कारन मी इचारला काय? मी आकडा इचारला."

त्या आकड्याचं त्यांना एवढं का, ते एकदा करंजाला कळलं. बंदरावर पोचलं की त्या बरोबर दहा मिनिटं थांबायच्या. मासळीच्या लिलावाच्या गलक्यातून वाट काढत वाळत घातलेल्या बोंबलांपाशी जायच्या, चार जुड्या घ्यायच्या आणि हँडलला लटकवायच्या. येताना त्यांच्या मागं कोण राहणार यावरून आमच्यात दर वेळी ढकलाढकली व्हायची. त्या दिवशी धक्क्यावर बसून आम्ही त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खात होतो. आमच्या खिशातली दीडशे रुपयांची ताकदीच्या जेलची पाकिटं त्यांनी पहिल्याच वर्षी बंद केली होती. "ही तर सर्दीची औषधा," एवढाच शेरा. मी सहज विचारलं की एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर काय करता.

तर त्यांनी गोष्ट सांगितली. वॉर्डात एका बाईला दुपारी आकडी आली, त्या धावपळीत दुसऱ्या पेशंटचं चारचं टेम्परेचर घ्यायचं राहिलं. मोठे डॉक्टर राउंडला आले. रकाना रिकामा. ते म्हणाले, भरून टाका नॉर्मल, पेशंट बरा दिसतोय. सिस्टरांनी भरलं नाही. म्हणाल्या, मी घेतलं नाही ते मी लिहिणार नाही. त्यांना मेमो मिळाला.

"मंग?"

"मंग काय? ठेवलाय जपून. पिलास्टिकच्या पिशवीत." भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "एकतीस वर्सांत माज्या हातचा एक पन आकडा खोटा नाय. बाकी मना काय आला नाय रं. स्वयंपाक पन धड नाय येत."

सुकट फर्मास होती. ते त्यांचं खोटं बोलणं म्हणायचं तर तेवढंच.

त्यांचा वेग ताशी सतरा. चढ असो, उतार असो, खाडीवरून समोरचा वारा असो, सतरा. जासईपाशी कंटेनरचे ट्रेलर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, आमची तिथं गाळण उडायची. सिस्टर मधून घंटी वाजवत अशा जायच्या, जसा काही तो वॉर्ड आहे आणि ट्रेलर म्हणजे नीट न झोपलेले पेशंट. ड्रायव्हर लोक त्यांना ओळखायला लागले होते. पहिल्याच वर्षी शेवटच्या दिवशी एकानं ट्रेलर बाजूला घेऊन त्यांना हात दाखवला. तळवा साखळीत सापडून फाटलेला, वर कळकट फडकं. सिस्टर त्याला घेऊन जासईत डॉक्टर शोधत फिरल्या. टाके पडेपर्यंत दुपार झाली. त्या वर्षी त्यांचे साठ किलोमीटर कमी पडले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या सुनेला अचानक कळा सुरू झाल्या, तेव्हा दोन दिवस गेले.

आणि त्यांना पाचशे व्हायला हवे होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशी माणसं म्हटलं की आपण त्यांना लगेच विरक्त करून टाकतो. सिस्टर विरक्त नव्हत्या. बिल्डर दर वर्षी पाचशे पूर्ण करणाऱ्यांसाठी कापडी बिल्ले करून आणायचा, निळ्या कापडावर पिवळ्या धाग्याची सायकल. आम्ही ते बॅगेत टाकून विसरायचो. सिस्टरांनी स्वेटरवर घड्याळासमोरची उजवीकडची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. तिथलं एक भोक त्यांनी रफू करून घेतलं होतं. "मना त्यो बिल्ला पायजे," त्या सरळ सांगायच्या. "एकतीस वर्सं नोकरी केली, कुनी कायच लावला नाय अंगावर. पिन माजी, घड्याल माजा."

आता माझं पाप सांगतो.

दुसऱ्या वर्षी मला दोनदा लाल गोल मिळाला होता. दोन दिवस घरी झोपलो आणि शेवटी तीनशे साठवर राहिलो. बिल्डरला बिल्ला मिळाला, मला नाही. ऑफिसात, सोसायटीत, सासुरवाडीला, सगळीकडे मी आधीच सांगून ठेवलं होतं. मेव्हण्यानं वर्षभर विचारलं, "भावजी, ते पाचशे की तीनशे?" तेव्हा तिसऱ्या वर्षी मी एक युक्ती काढली, आणि अजूनही वाटतं की ती फक्त सायकलवाल्यालाच सुचू शकते. कुणी परीक्षेत जास्त मार्क मिळावेत म्हणून कॉपी करतं. मी आधीच्या आठवड्यात मुद्दाम वाईट मार्क मिळवले. रोज टपरीवर यायच्या आधी घरून कडक काळी कॉफी दोन कप पिऊन निघायचो. खरी नाडी छप्पन. वहीत माझा आकडा पडला अडुसष्ट. म्हणजे सत्त्याहत्तरपर्यंत मला कुणी अडवणार नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण अर्ध्या पाटीच्या दिवशी संध्याकाळी मी गुपचूप उरलेली अर्धी पण उचलायला लागलो. सकाळी सिस्टरांबरोबर छत्तीस, संध्याकाळी बायकोला भाजी आणतो सांगून पुन्हा छत्तीस. भाजीही आणायचो. अॅपवर बिल्डरच्या पुढं माझं नाव दिसायला लागलं. पाय दगड झाले होते, भूक मेली होती, जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. नाडी बहात्तर, चौऱ्याहत्तर, सातव्या दिवशी शहात्तर. सिस्टर मोजायच्या, लिहायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या. सातव्या दिवशी त्यांनी पापणी ओढून पाहिली, वहीतला माझा आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "वहीत बसतंस, बाला. तोंडात नाय बसत." पण नियम तो नियम. वहीत बसत होतो म्हणून त्यांनी मला सोडलं.

जासईच्या अलीकडे माझ्या डोळ्यांपुढं पिवळं झालं. सायकल डावीकडे घ्यायला हवी एवढं कळत होतं आणि हात ऐकत नव्हते. मागून हॉर्न वाजला. मी पडलो तो रस्त्याच्या कडेच्या मातीत, हे नशीब. ट्रेलर दोन हातांच्या अंतरावरून गेला. मला वांती झाली, मग पायात गोळे आले, आणि मग मागून ती घंटी ऐकू आली, सतराच्या वेगानं येणारी.

एका कंटेनर यार्डाच्या वॉचमनच्या केबिनमध्ये त्यांनी मला जमिनीवर निजवलं. पाय वर खुर्चीवर. वॉचमनकडून मीठ-साखर मागून पाणी पाजलं. मनगट धरून दोन मिनिटं मोजत राहिल्या. बाकीचे पुढं गेलेले. त्यांचे त्या दिवशीपर्यंत तीनशे साठ झालेले, आज आणि उद्या दोन भरल्या पाट्या एवढंच बाकी. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही जा. मी पडून राहतो, रिक्षा बोलावतो."

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. "अडुसष्टवाल्या मानसाला ह्या असा नाय होत," त्या म्हणाल्या. "तुजा खरा आकडा किती?"

मी छताकडे बघत कॉफीचं सांगितलं. संध्याकाळच्या भाजीचंही सांगितलं. केबिनमध्ये पंखा खडखडत होता, बाहेर ट्रेलर मागं घेताना पोरकट शिट्टी वाजत होती. मला वाटलं आता त्या रागावतील. मला ते हवंच होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली, माझ्या रकान्यातले आकडे वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचले. चौदा आकडे होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी घरात शिरून काहीतरी नेलंय.

"माज्याशी खोटा बोललास त्याचा कायच नाय," त्या म्हणाल्या. "पेशंट खोटाच बोलतो. बिडी पीत नाय बोलतो, गोली घेतली बोलतो. पन तू माज्या हातानं खोटा लिवून घेतलास."

मी एवढा मोठा माणूस, दोन पोरांचा बाप, रडलो. त्यांनी लाल पेन्सिलीनं काही केलं नाही. साध्या पेननं माझ्या नावासमोर "५६" लिहिलं आणि वही बंद केली. मग टेम्पो थांबवून, दोन्ही सायकली टाकून मला घरी आणलं. बायकोला काय काय खायला द्यायचं ते सांगितलं. खोटेपणाचं एका शब्दानं सांगितलं नाही. भाजीचं मी नंतर स्वतःच कबूल केलं.

त्या वर्षी सिस्टरांचे चारशे सत्तेचाळीस झाले. ट्रेलरवाला आणि बाळंतीण यांच्या पंक्तीत मी जाऊन बसलो, फरक एवढाच की ते दोघं खरे होते.

सिस्टर आता सायकल चालवत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून टपरीपर्यंत रिक्षानं येतात, तेही मनात आलं तर. ती वही माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे कशी आली ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

चौथं वर्ष. या वेळी सगळं जुळून आलं होतं. कुणाचा हात सापडला नाही, कुणी बाळंत झालं नाही, मी कॉफी सोडून दिली होती. सात दिवस झाले, सिस्टरांचे चारशे बत्तीस. एकतीस तारखेला फक्त एक भरली पाटी. आदल्या दिवशी बिल्डरनं मला खिशातून बिल्ला काढून दाखवला. या वर्षी त्यानं सायकलीच्या पुढं एक छोटी टोपली विणून घेतली होती, बोंबलांसाठी. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की टपरीवर परत आल्या आल्या बाकावरच तो त्यांना लावायचा.

एकतीसला पहाटे आम्ही बाकावर बसलो. पाच मिनिटं तोंड बंद. सिस्टरांनी सगळ्यांची मोजली, कुणालाच गोल नाही. रोज त्या शेवटी स्वतःची मोजून स्वतःच लिहायच्या. त्या दिवशी त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या, पाच मिनिटं गप्प राहिल्या आणि मग मनगट माझ्यापुढं केलं.

"मोज."

"मी?"

"मी घरी तीनदा मोजली. तीनदा येगली आली. स्वताची मोजताना आपल्याला पायजे तो आकडा येतो. तू मोज. तुला खोटा कसा करतात ते ठावं हाय."

त्यांनी घड्याळ सोडवून माझ्या हातात दिलं. त्यांचा आपला आकडा साठ. सत्तरला गोल. मी तीन बोटं टेकवली. मनगट गरम लागलं, पण पहाटेच्या गारठ्यात माझीच बोटं थंड असतील असं मी स्वतःला सांगितलं. पूर्ण मिनिट मोजलं. पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं. बिल्डर उभा राहिला होता आणि त्याचा हात बिल्ल्याच्या खिशात होता.

अडुसष्ट म्हणायला काय लागतं? मला तर सवय होती त्या आकड्याची. अडुसष्ट म्हणालो असतो तर सिस्टर स्वेटरची बटणं लावून निघाल्या असत्या, सतरानं, आणि दुपारी बारापर्यंत बिल्ला त्यांच्या अंगावर असता. माझ्यामुळं एकदा गेलेला बिल्ला माझ्याच हातानं परत देता आला असता. मी त्या क्षणी खरोखर तोंड उघडलं होतं ते अडुसष्ट म्हणायला.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

"किती येला मोजलास?"

"तीनदा. तीनदा चौऱ्याहत्तर."

सिस्टरांनी वही मांडीवर घेतली, आकडा लिहिला आणि लाल पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढला. इतरांच्या गोलांपेक्षा जरा मोठाच निघाला. मग टपरीवाल्याला म्हणाल्या, "पयला चा मना."

बिल्डरला हे सहन होईना. "सिस्टर, असं नका करू. चार वर्षं झाली. तुमचा मोबाइल द्या माझ्याकडे. मी खिशात घालून करंजाला नेऊन आणतो. अॅपला काय कळतंय कोण चालवतंय."

सिस्टर बशीत चहा ओतत होत्या. "बिल्ला मोबाइलला लावनार हाइस काय?" त्यांनी विचारलं. बिल्डरनं खिशातला हात बाहेर काढला. "जा आता. उशीर केलात तर ट्रेलरची गर्दी लागंल." चहा पिऊन त्यांनी बशी विसळून ठेवली आणि सायकल हातात धरून, चालत, घराकडे वळल्या. कुणाच्याही गोलाला जो नियम होता तोच. मागं वळून पाहिलं नाही. मी त्यांना पाठमोरं जाताना पाहिलं आणि मला माझाच राग आला, आणि तरी मला माहीत होतं की पुन्हा मोजली तरी मी तेच सांगीन.

आम्ही करंजाला गेलो. मी चार जुड्या बोंबील घेतले आणि हँडलला लटकवले. येताना सगळे मुकाट्यानं माझ्या मागं राहिले. टपरीवर माझे पाचशे चार झाले. बिल्डरनं मला माझा बिल्ला दिला आणि दुसरा, टोपलीवाला, माझ्या खिशात कोंबला. "तू जा. तुझं ऐकतील."

करंजाडेच्या जुन्या गावात, टॉवरच्या मागं, सिस्टरांचं घर आहे. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं आणि खुणेनं आत पाठवलं. सिस्टर खाटेवर गोधडी घेऊन पडल्या होत्या. अंगात एकशे दोन ताप. स्वेटर खुंटीला. मी बोंबील ओसरीत ठेवले, तरी वास आत आलाच, त्यांनी डोळे उघडले.

"किती झालं?"

"पाचशे चार."

"आल्यावर नाडी मोजलीस?"

मोजली नव्हती. त्यांनी गोधडीतून तापलेला हात काढला, माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजली. ठीक होती. मग उशाची वही मला दिली आणि म्हणाल्या, लिव. मी लिहिलं. वही परत द्यायला गेलो तर घेतली नाही. "आता तुज्याकडंच ठेव."

मी खिशातून बिल्ला काढला आणि गोधडीवर ठेवला. निळं कापड, पिवळी सायकल, पुढं टोपली. सिस्टरांनी तो उचलला, टोपलीवरून अंगठा फिरवला. तापानं असेल, डोळ्यांत पाणी होतं. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना तो किती हवा होता, ते मी तेवढं जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"यो कुनाचा?"

"तुमचा."

"माजं किती झालं?"

वही माझ्या मांडीवर होती. सूनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता हो म्हणून टाका. मी वहीकडे पाहिलं.

"चारशे बत्तीस," मी म्हणालो.

सिस्टरांनी बिल्ला माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि हसल्या. मग सुनेला हाक मारली, "चा ठेव गो. साखर जास्त टाक. याला आता खोटा बोलता येत नाय."